रूप आणि अंतर

ग्रीक भाषेत 'मोर्फे' म्हणजे रूप किंवा आकार, आणि 'मेटा' हे अव्यय 'सोबत', 'नंतर', 'पलीकडे' असे अनेक अर्थ देत असले तरी दुसऱ्या शब्दाला जोडून आले की पुष्कळदा बदलाचा अर्थ देते. या दोहोंना क्रियेचे नाम करणारा प्रत्यय लागून 'मेटामोर्फोसिस' हा शब्द सिद्ध झाला आणि रूप पालटण्याची क्रिया हा त्याचा सरळ अर्थ ठरला. युरोपातल्या अनेक भाषांनी हा शब्द फारशी मोडतोड न करता घेतला. इंग्रजीत तो 'मेटामॉर्फोसिस', फ्रेंचमध्ये 'मेतामॉर्फोज', जर्मनमध्ये 'मेटामॉर्फोझं', इटालियनमध्ये 'मेतामोर्फोझी', स्पॅनिशमध्ये 'मेतामोर्फोसिस', पोलिश आणि रशियनमध्ये 'मेतामोर्फोझा', तर हंगेरियनमध्ये 'मेतामोर्फोझिश' असा आढळतो. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, पोलिश आणि रशियन या ज्या भाषा नामांना लिंग मानतात, त्या सर्वांत तो मूळ ग्रीकप्रमाणे स्त्रीलिंगीच राहिला. फरक पडला तो मुख्यतः आघातात, कारण ग्रीक, इटालियन आणि इंग्रजी बोलणारा 'मोर्' या अक्षरावर जोर देतो, तर स्पॅनिश आणि रशियन बोलणारा 'फो' या अक्षरावर.

रूप पालटण्याचे नाव असलेल्या या शब्दाचे स्वतःचे रूप दोन हजार वर्षांत इतके थोडे पालटले, हीच त्याच्या इतिहासातली लक्षणीय गोष्ट आहे. पालटला तो त्याचा अर्थ. देवादिकांच्या कथांतून तो धर्मग्रंथात गेला, तिथून कीटकांच्या अभ्यासात, मग वनस्पतींच्या आणि शेवटी खडकांच्या शास्त्रात पोहोचला. मराठीने हा ग्रीक शब्द घेतला नाही, कारण तिच्याजवळ 'रूपांतर' हा शब्द होता, आणि या एका शब्दाने जवळजवळ तेवढाच प्रवास स्वतःच्या पायांनी केला. हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातले घोटी हे ठिकाण फार सोयीचे आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर आणि मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेल्या, भाताच्या गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बाजारपेठेच्या परिसरात वनस्पती, कीटक आणि कातळ या तिन्ही ठिकाणी रूपांतराचा प्रश्न प्रत्यक्ष समोर उभा राहतो.

कथेतून धर्मग्रंथात

हा शब्द युरोपभर पसरला त्याचे मोठे श्रेय एका लॅटिन कवीकडे जाते. ऑविड या रोमन कवीने इसवी सन ८ च्या सुमारास पंधरा सर्गांचे एक दीर्घ काव्य सिद्ध केले आणि लॅटिनमध्ये लिहिलेल्या त्या काव्याला 'मेटामॉर्फोसिस' या ग्रीक शब्दाचे अनेकवचन नाव म्हणून दिले. त्यात सुमारे अडीचशे कथा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कथांत कोणी ना कोणी आपले रूप गमावून दुसरे रूप धारण करतो: पाठलागाला भ्यालेली डॅफनी लॉरेलचे झाड होते, विणकामात देवीशी स्पर्धा करणारी अरॅक्नी कोळी होते, स्वतःच्या प्रतिबिंबात गुंतलेल्या नार्सिससच्या जागी फूल उरते. या कथांची खूण आधुनिक शास्त्राच्या भाषेतही टिकून आहे, कारण कोळी आणि विंचू ज्या वर्गात मोडतात त्या वर्गाचे 'अरॅक्निडा' हे शास्त्रीय नाव त्याच विणकर मुलीच्या नावाशी जोडलेले आहे, आणि अकराव्या सर्गात स्वप्नात माणसांची रूपे घेऊन येणारा जो मॉर्फिअस आहे त्याच्या नावावरून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून वेगळ्या काढलेल्या वेदनाशामक द्रव्याला 'मॉर्फीन' हे नाव मिळाले.

ऑविडच्या काव्यातले एक सूत्र पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. रूप पालटले तरी मूळच्या व्यक्तीतले काहीतरी नव्या रूपात शिल्लक राहते, असे तो पुन्हा पुन्हा दाखवतो. कोळी झालेली अरॅक्नी विणतच राहते. पूर्ण नाश आणि पूर्ण नवी निर्मिती यांच्या मधली ही अवस्था आहे, आणि ग्रीक शब्दाने नेमके तेवढेच सांगितले आहे: पालटते ते रूप.

त्याच सुमारास हे क्रियापद दुसऱ्या एका ग्रंथपरंपरेत शिरले. ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारात, डोंगरावर शिष्यांदेखत येशूचे मुख तेजस्वी झाले या प्रसंगासाठी मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत याच धातूचे रूप वापरले आहे. ग्रीक चर्चमध्ये ६ ऑगस्टला साजऱ्या होणाऱ्या त्या सणाचे नाव आजही 'मेतामोर्फोसी' असेच आहे आणि ग्रीसमधल्या कित्येक देवळांना व गावांनाही ते नाव आहे. मात्र लॅटिनमध्ये बायबल आणताना ग्रीक शब्द तसाच न ठेवता त्याचा एकेक घटक उलगडून, 'पार' या अर्थाचा 'ट्रान्स' आणि 'आकृती' या अर्थाचा 'फिगूरा' जोडून वेगळा शब्द योजला गेला. परक्या शब्दाचा सांगाडा घेऊन त्यावर आपल्या भाषेचे मांस चढवण्याच्या या पद्धतीला भाषाशास्त्रात अनुकृत शब्द बनवणे म्हणतात. परिणाम असा झाला की पश्चिम युरोपात त्या प्रसंगासाठी लॅटिन घडणीचा शब्द आणि कथांतल्या रूपबदलासाठी ग्रीक शब्द, अशी वाटणी झाली. मराठी बायबलमध्ये मात्र त्या प्रसंगाला 'रूपांतर' हाच शब्द आहे. पश्चिमेने दोन शब्दांत वाटून टाकलेला अर्थ मराठीत पुन्हा एका शब्दात एकवटला.

अळी, कोश आणि मुखवटा

सतराव्या शतकात या शब्दाला पहिला शास्त्रीय अर्थ मिळाला. तोपर्यंत अळ्या, माश्या आणि किडे चिखलातून किंवा कुजलेल्या मांसातून आपोआप उपजतात, अशी अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत होती. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ मध्ये मांस झाकून आणि उघडे ठेवून केलेल्या प्रयोगांतून दाखवले की माश्यांनी अंडी घातल्याशिवाय अळ्या होत नाहीत, आणि पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या यान स्वामरडाम याचा कीटकांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वामरडामने अळीचे सूक्ष्म विच्छेदन करून दाखवले की पुढे होणाऱ्या फुलपाखराचे पंख आणि पाय तिच्या कातडीखाली आधीच घडत असतात. मारिया सिबिला मेरियन या चित्रकार स्त्रीने तर अळी, तिचे अन्न असलेली वनस्पती, कोश आणि पतंग हे सारे एकाच चित्रात आणण्याची रीत पाडली; १६९९ मध्ये ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये गेली आणि तिथल्या निरीक्षणांवरचा तिचा ग्रंथ १७०५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे निघाला, ज्याच्या लॅटिन नावातच सुरिनामच्या कीटकांचे 'मेटामॉर्फोसिस' असे शब्द आहेत. देवांच्या कोपाने होणारा बदल आता अंड्यापासून प्रौढापर्यंत क्रमाने नोंदता येणारा बदल झाला.

पुढे लिनियसने या अवस्थांना जी नावे रूढ केली ती अर्थपूर्ण आहेत. 'लार्वा' म्हणजे लॅटिनमध्ये मुखवटा किंवा भूत, 'प्यूपा' म्हणजे बाहुली, आणि 'इमॅगो' म्हणजे प्रतिमा. अळी हा प्रौढ कीटकाचे खरे रूप झाकणारा मुखवटा आहे, अशी त्यामागची कल्पना होती. नाशिक आणि पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्याच्या रात्री संबळाच्या तालावर देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगे नाचवली जातात आणि त्या उत्सवाला बोहाडा म्हणतात. तिथे मुखवटा चढल्यावर माणूस मागे सरतो आणि देवता पुढे येते, म्हणजे मुखवटा हेच खरे रूप ठरते. लिनियसच्या शब्दांत नेमके उलट आहे, तिथे मुखवटा उतरतो तेव्हा खरे रूप दिसते. मराठीने शास्त्रीय लेखनात या अवस्थांसाठी अळी किंवा डिंभ, कोश आणि प्रौढ असे शब्द घेतले, ज्यांतला 'कोश' म्हणजे आवरण, खजिना साठवण्याची जागा. विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागातले टसर रेशीम 'कोसा' म्हणून ओळखले जाते ते याच शब्दामुळे.

अंडी, अळी, कोश आणि प्रौढ या चारही अवस्था ज्यात असतात त्याला पूर्ण रूपांतरण म्हणतात, आणि टोळ किंवा झुरळ यांच्यासारखे कीटक, ज्यांची पिल्ले पंख सोडल्यास प्रौढासारखीच दिसतात, त्यांच्या वाढीला अपूर्ण रूपांतरण म्हणतात. पूर्ण रूपांतरणाचे विलक्षण उदाहरण घोटीपासून जवळच पाहायला मिळते. घोटीहून जो रस्ता बारी आणि भंडारदऱ्याकडे जातो तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात पोहोचतो, आणि मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत तिथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. काजवा माशी नसून भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक आहे. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात, ओलसर माती आणि पालापाचोळ्यात जातो. ही अळी मांसाहारी असते, गोगलगायींची शिकार करते आणि स्वतःही मंद प्रकाश देते. कोशातून बाहेर आलेल्या प्रौढाचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते आणि त्याचा प्रकाश मुख्यतः जोडीदाराला दिलेली खूण असते. ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने प्राणवायूशी संयोग पावते आणि फारशी उष्णता न होता उजेड पडतो. म्हणून काजवे पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांचे दिवे ही खूण पुसून टाकतात आणि झाडाखाली फिरणारे पाय मातीतली पुढची पिढी चिरडतात. डोळ्यांना दिसणारा काजवा हा एका वर्षभराच्या गोष्टीचा शेवटचा परिच्छेद आहे आणि आधीची पाने जमिनीत असतात, हे ज्याला समजले त्याच्या पायांना आपोआप सावधपण येते.

भाताची नावे

इगतपुरी तालुका भाताचा तालुका आहे. पावसाळ्यापूर्वी राब भाजून तयार केलेल्या जागेत रोपे टाकायची, पाऊस लागला की खाचरात चिखलणी करायची आणि मग आवणी उरकायची, हा इथल्या शेतीचा क्रम आहे. या पिकाचा एक मोठा शत्रू खोडकिडा आहे, आणि त्याच्याशी लढणे म्हणजे रूपांतरणाचा क्रम ओळखणेच असते. खोडकिड्याचा पतंग भाताला काहीच अपाय करत नाही. तो पानांच्या शेंड्यांजवळ पुंजक्यांनी अंडी घालतो, त्यांतून निघालेली अळी खोड पोखरून आत शिरते, फुटव्यांच्या वेळी आतला गाभा सुकून गाभेमर होते आणि पुढे लोंबी बाहेर पडण्याच्या वेळी दाणे न भरलेल्या पांढऱ्या पळींज लोंब्या दिसतात. म्हणून आवणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडून टाकावेत म्हणजे अंडी नाहीशी होतात, पतंगांसाठी कामगंध सापळे आणि प्रकाश सापळे लावावेत, आणि कापणी जमिनीलगत करून धसकटे नष्ट करावीत म्हणजे त्यांत दडलेल्या अळ्या मरतात, असे सांगितले जाते. ग्रंथातल्या एका शब्दाचा अर्थ शेतात असा प्रत्येक अवस्थेसाठी वेगळ्या कामात उतरतो.

वनस्पतीही रूप पालटते, हे म्हणण्याचे धाडस जर्मन कवी गटे याने केले. १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या ग्रंथात त्याने मांडले की बीजपत्रे, पाने, पुष्पकोशाची दले, पाकळ्या, पुंकेसर आणि फळ ही एकाच मूलभूत अवयवाची क्रमाने घेतलेली रूपे आहेत. कीटकाच्या बाबतीत एकच जीव काळाच्या ओघात रूपे बदलतो, तर गटेच्या वनस्पतीत ही रूपे एकाच देठावर खालून वर एकाच वेळी पाहता येतात. शब्द तोच राहिला, पण त्याचा अर्थ एका जिवाच्या इतिहासातून अनेक अवयवांच्या नात्याकडे वळला. फुलाचे भाग हे पानाच्या घडणीतूनच उत्क्रांत झाले आहेत, हा त्याच्या कल्पनेचा गाभा आधुनिक जनुकशास्त्रानेही बऱ्याच अंशी मान्य केला आहे.

मराठी शेतकऱ्याने वनस्पतीच्या या पालटाला एक नाव न देता प्रत्येक पायरीला वेगळे नाव दिले. बी रुजले की रोप, लावणीला आले की आवण, पोटरीतून बाहेर पडली की लोंबी, झोडणी होऊन खळ्यात आले की भात किंवा साळ. गिरणीत किंवा पूर्वी उखळात कांडले की तांदूळ, बाजूला पडते ते तूस आणि कोंडा, मोडलेले दाणे म्हणजे कणी. भिजवून, भाजून, चेपले की पोहे, फुलवले की मुरमुरे, आणि आधणात शिजले की पुन्हा भात. घोटीच्या गिरणीत एका बाजूने भात जातो आणि दुसऱ्या बाजूने तांदूळ येतो, आणि त्याच गावातल्या घराघरांत तांदूळ चुलीवर चढतो व भात उतरतो. पहिल्या आणि शेवटच्या रूपाचे नाव एकच असण्यामागे शब्दाचा इतिहास आहे. संस्कृत 'भक्त' म्हणजे अन्न, विशेषतः शिजवलेला तांदूळ. त्यातून 'भात' आला, आणि पुढे ताटातल्या अन्नाचे हे नाव मागे मागे जात खळ्यातल्या धान्याला आणि शेतातल्या उभ्या पिकालाही मिळाले. लिनियसने प्रौढ कीटकाला 'इमॅगो' म्हणताना जे केले, म्हणजे शेवटचे रूप हेच खरे मानून सगळ्या क्रमाकडे तिथून पाहिले, तेच मराठी भाषेने भाताच्या बाबतीत कोणाही एका पंडिताशिवाय केले आहे.

जो कातळ पालटला नाही

१८३३ मध्ये चार्ल्स लायेल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात खडकांच्या एका प्रकारासाठी याच ग्रीक शब्दापासून बनवलेले विशेषण रूढ केले. मराठी शाळांत भूगोल शिकणारी मुले ज्यांना अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित खडक म्हणून ओळखतात, त्यांतला हा तिसरा प्रकार. प्रचंड दाब आणि उष्णता यांच्याखाली खडक न वितळता, घन अवस्थेतच, त्याच्यातल्या खनिजांची फेररचना होते: चुनखडीचा संगमरवर होतो, चिखलापासून बनलेल्या शेलचा पाटीचा दगड होतो, ग्रॅनाइटचा पट्टेदार नीस होतो. न वितळणे ही अट महत्त्वाची आहे, कारण खडक वितळला तर त्याचा जुना इतिहास पुसला जातो आणि थिजून होतो तो नवा अग्निजन्य खडक. रूपांतरित खडकात मात्र मूळ थरांच्या खुणा अनेकदा वाचता येतात. अरॅक्नीचे विणणे जसे कोळ्यात उरले, तसेच हे आहे.

घोटीच्या आसपासचा कातळ या अर्थाने रूपांतरित नाही. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर ज्याचे बनले आहे तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. पश्चिम घाटातल्या या थरांचे भूशास्त्रज्ञांनी जे वर्गीकरण केले आहे त्यात तळाच्या गटाला कळसूबाईचे नाव आहे आणि त्या गटातल्या एका रचनेला इगतपुरीचे. या काळ्या कातळात एक छोटा पालट मात्र सर्वत्र दिसतो: थिजणाऱ्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त उष्ण पाणी झिरपले आणि त्यातून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक वाढले; नाशिक परिसरातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. खऱ्या अर्थाने रूपांतरित खडक पाहायचे तर कोकणात सिंधुदुर्गाकडे किंवा विदर्भात नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांकडे जावे लागते, जिथल्या मँगनीजच्या खाणी अशाच प्राचीन रूपांतरित खडकांत आहेत. शब्द नेमका वापरायचा तर तो कुठे लागू पडत नाही हेही ठाऊक असावे लागते, आणि सह्याद्रीचा बेसाल्ट त्याची ही सीमा दाखवून देतो.

उसना शब्द आणि घरचा शब्द

युरोपातल्या सगळ्याच भाषा ग्रीक शब्दावर विसंबल्या नाहीत. फिनिश भाषेत 'मुओडॉनमुऊटोस' म्हणजे शब्दशः आकारबदल असा घरचाच शब्द आहे आणि आइसलँडिक भाषाही परका शब्द टाळून आपल्या धातूंपासून नवे शब्द घडवते. जर्मनमध्ये दोन्ही आहेत, आणि त्या दोहोंतला फरक फ्रान्झ काफ्काच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेमुळे स्पष्ट होतो. एका सकाळी किडा होऊन जागा झालेल्या फिरत्या विक्रेत्याच्या या कथेचे मूळ नाव 'फेरवांडलुंग' आहे, जो रोजच्या बोलण्यातला साधा जर्मन शब्द आहे. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अनुवादांत मात्र तिथे ग्रीक शब्द आला आणि त्यासोबत ऑविडचे देव व कीटकशास्त्राचे कोश हे दोन्ही संदर्भ नकळत येऊन बसले. चेक, पोलिश आणि हंगेरियन अनुवादकांनी आपापल्या भाषेतला साधा शब्द घेतला आणि कथेतले घरगुती, रोजचेपण राखले. एकाच कथेचे नाव असे दोन वाटांनी गेले.

मराठीत हा पर्याय वेगळ्या रीतीने उभा राहतो. 'रूपांतर' हा संस्कृत समास असून 'अन्य रूप' असा त्याचा विग्रह होतो, म्हणजे इथे 'अंतर' या पदाचा अर्थ 'दुसरे' असा आहे. भाषांतर, देशांतर, स्थलांतर, वेषांतर, नामांतर, धर्मांतर, स्थित्यंतर हे सगळे याच घडणीचे शब्द आहेत, आणि यामुळे मराठी वाचकाला रूपांतर हा शब्द अपरिचित न वाटता एका मोठ्या कुटुंबातला सदस्य वाटतो. ग्रीकमध्येही असे कुटुंब आहे, पण ते 'मेटा' या पहिल्या पदाभोवती जमलेले आहे. मेटाबोलिझम म्हणजे चयापचय आणि मेटाफर म्हणजे रूपक हे त्यातलेच शब्द. मेटाफरमध्ये ग्रीकांनी अर्थ एकीकडून दुसरीकडे वाहून नेण्याची क्रिया पाहिली, तर रूपक या शब्दात भारतीय अलंकारशास्त्राने एका वस्तूवर दुसरीचे रूप ठेवण्याची क्रिया पाहिली. त्यामुळे मराठीत रूपक आणि रूपांतर सख्खी भावंडे झाली, ग्रीकमध्ये त्यांच्यात फक्त पहिले पद समान राहिले.

शिवाय मराठीने रूपांतराला रंगभूमीही दिली. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून १८९० मध्ये 'झुंझारराव' लिहिले आणि नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून १९५४ मध्ये 'राजमुकुट' लिहिले. पात्रे, गावे आणि रीतिरिवाज इथले करून परक्या नाटकाला मराठी देह देण्याच्या या प्रकाराला रूपांतर आणि केवळ शब्द बदलण्याला भाषांतर, असा सूक्ष्म भेद मराठी समीक्षेत रुळला. शास्त्रीय लेखनात 'रूपांतरण' हे क्रियावाचक रूप, बोलण्यात 'कायापालट', समाज किंवा राज्याच्या बदलासाठी 'स्थित्यंतर', अशी कामाची वाटणीही हळूहळू होत गेली. अलीकडे ग्रीक शब्दाचा एक तुकडाही मराठीत आला आहे: संगणकावर एका चेहऱ्याचे दुसऱ्यात मिश्रण करून बनवलेल्या छायाचित्राला वर्तमानपत्रे 'मॉर्फ केलेले' म्हणतात, आणि हे इंग्रजी क्रियापद 'मेटामॉर्फोसिस'मधूनच मागचे-पुढचे भाग गाळून तयार झालेले आहे.

कुंभारिणीचे घर

रूपांतराचा विचार मराठीत या शास्त्रीय वाटचालीच्या फार आधी, वेगळ्या वाटेने आलेला होता. ज्याचे ध्यान करावे तसेच होऊन जावे, हे सांगण्यासाठी भारतीय परंपरेत भ्रमरकीटन्याय वापरतात. गांधीलमाशीसारखा कीटक अळीला आपल्या घरात कोंडतो आणि भयाने सतत त्याचेच चिंतन करणारी अळी अखेर त्याच्यासारखी होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त आहे. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंत हा कीटक शेवटचा आहे, आणि संत एकनाथांनी त्याच स्कंधावर लिहिलेली टीका, जी १५७३ मध्ये काशीला पूर्ण झाली, तिच्यामुळे हा विचार मराठी वारकऱ्यांच्या घरात पोहोचला.

या दृष्टान्तामागे प्रत्यक्षात घडते ते असे: मराठीत जिला कुंभारीण म्हणतात ती मातीचे घर करणारी माशी भिंतीवर किंवा आढ्याला चिखलाचे छोटे मडके घडवते, त्यात आपले अंडे घालते, डंख मारून बधिर केलेली अळी आत नेऊन ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेली कुंभारिणीची अळी ते ताजे अन्न खाऊन वाढते, कोशात जाते आणि अखेर मडके फोडून माशी बाहेर पडते. जुन्या निरीक्षकांनी अळी आत जाताना आणि माशी बाहेर येताना पाहिली, हे त्यांचे पाहणे खरे होते. मधला अंधारातला भाग मात्र त्यांनी भावाने भरला. स्वामरडामच्या आधी युरोपातही असाच मधला भाग कल्पनेने भरलेला होता. न्यायाचा बोध अध्यात्मात जसा होता तसाच राहतो, आणि कुंभारिणीच्या घरात प्रत्यक्ष काय घडते हे कळल्याने कीटकशास्त्राला मात्र हे समजते की बाहेर पडलेली माशी आत गेलेल्या अळीचे रूपांतर नाही, ती स्वतःच्याच अळीचे रूपांतर आहे.

ज्या जिवाचे रूप पालटते त्याच्या आतच नवे रूप आधीपासून असते, हे आधुनिक जीवशास्त्र अधिक नेमकेपणाने सांगते. पूर्ण रूपांतरण होणाऱ्या अनेक कीटकांच्या अळीत पेशींचे छोटे चकतीसारखे पुंजके अळीपणी अंतिम आकार न घेता राहतात; शरीरातल्या संप्रेरकांचे प्रमाण बदलले की कोशात त्यांचेच पंख, पाय आणि डोळे होतात. बेडकाच्या शेपटीवाल्या डिंभाचे बेडकात रूपांतर होते तेही अवटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे, हे १९१२ मध्ये प्रयोगाने दिसून आले. संस्कृतात 'अंतर' म्हणजे दुसरे, 'अंतर' म्हणजे दोहोंमधले अंतर, आणि 'अंतर' म्हणजे आतला भागही; मराठीने अंतर आणि अंतरंग या शब्दांत हे शेवटचे दोन अर्थ जिवंत ठेवले आहेत. व्याकरणाने 'रूपांतर'मध्ये पहिलाच अर्थ घ्यायचा असतो, पण काजव्याच्या अळीत दडलेला पंख, भाताच्या दाण्याच्या तुसात दडलेला तांदूळ आणि एका रूपापासून दुसऱ्यापर्यंत जाणारा वर्षभराचा काळ पाहिला, तर बाकीचे दोन अर्थही या शब्दाच्या आसपासच उभे असल्याचे जाणवते. घोटीचा शेतकरी जूनच्या पावसात हिरव्या पिकाकडे बोट दाखवून त्याला 'भात' म्हणतो, तेव्हा चिखलातल्या रोपात तो ताटातले अन्न आधीच पाहत असतो, आणि मधल्या सगळ्या रूपांची काळजी घेण्याचे काम त्याच्या हातात असते.